नाकेश्वरांच्या अर्ध्या बाटल्या

९ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण तुमच्या लाँड्रीतली ती दोन यंत्रं फिरत असली की मी बोलते एक आणि तुमच्या कानावर पडतं भलतंच. यांनी नोकरी सोडली म्हटलं तेव्हा तुम्ही टोपली कशी मोडली म्हणून विचारलं होतंत. तेव्हा पत्रच बरं.

तुमचे धाकटे बंधू गुडघ्यांचं निमित्त सांगून डिसेंबरात घरी बसले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. चौतीस वर्षं चहाच्या कंपनीत टेस्टर म्हणून रोज दीड-दोनशे वाट्या सुर्रकन ओढून पिकदाणीत थुंकणारा माणूस, महिनाभर नुसता खिडकीशी बसून होता. मला वाटलं, आता खुर्चीला मुळं फुटल्याशिवाय काही हे उठत नाहीत. पण तीन आठवड्यांपूर्वी आपण होऊन एका आस्वाद मंडळात दाखल झाले. वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी वीसेक माणसं जमतात, वाईनचे पेले गोल गोल हलवतात, हुंगतात, घोटभर तोंडात घोळवतात आणि त्यावर तासभर बोलतात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. हे कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, नाक गंजायला नको.

त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न उरलेल्याचा आहे. वाचनालयाचे रखवालदार तिथे बाटल्या ठेवू देत नाहीत, आणि सगळ्यांत नवा सभासद म्हणून त्या घरी नेण्याचं काम यांच्या गळ्यात पडलंय. दर शनिवारी पाच-सहा अर्ध्या बाटल्या घरात येतात. आपल्याकडे पिणारं कुणी नाही. आणि बावीस वर्षं दोनशे मुलींच्या वसतिगृहाची कोठी सांभाळलेल्या बाईचा हात काही केल्या मोरीकडे वळत नाही.

आतापर्यंत बर्फाच्या साच्यात गोठवून एकेक वडी रश्श्यात टाकली. चिवट मटण त्यात भिजवलं, तर लोण्यासारखं शिजलं. नाशपाती साखर-दालचिनी घालून लाल वाईनमध्ये उकळल्या. आंबटलेली पांढरी पाण्यात मिसळून खिडक्यांच्या काचा पुसल्या. तरी चार बाटल्या शिल्लक आहेतच, आणि त्यांतल्या एकीने काल टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर हा एवढा नकाशा काढला. मंडळात कुणीसं यांना सांगितलंय की लाल डागावर पांढरी वाईन ओतायची. ओतू का? लगेच कळवा, बाटली हातात घेऊनच बसले आहे.

तुमच्या मायेची मला सवय लागली आहे, ती मोडू देऊ नका.

तुमची भावजय

१४ फेब्रुवारी

चि. सौ. कोठीवालीस,
अनेक आशीर्वाद.

ओतू नकोस! चाळीस वर्षं लोकांचे डाग बघतेय. पांढऱ्या वाईनने लाल डाग पातळ होतो खरा, पण मग लोक दोन वाईनींचा डाग घेऊन माझ्या दारात उभे राहतात. कोरड्या फडक्याने टिपून घे, घासू नकोस. वर मीठ पसर, मग गार पाणी. गरम पाणी लावलंस तर तो नकाशा जन्मभर घरात राहील. इतके दिवस गेल्यावर निघाला नाही, तर कापड माझ्याकडे पाठव.

उरलेल्याचं विचारलंस, तर माझं एक गिऱ्हाईक हॉटेलात आचारी आहे. तो म्हणतो, व्हिनेगर करा. रुंद तोंडाची बरणी, दोन भाग वाईन, एक भाग पाणी, त्यात थोडं न गाळलेलं कच्चं व्हिनेगर विरजणासारखं घालायचं, वर फडकं बांधायचं आणि दोन-तीन महिने विसरून जायचं. आणि चिलटं होत असतील तर पेल्यात बोटभर वाईन, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. आत जातात ती बाहेर येत नाहीत.

मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. आमचा नाकेश्वर वाईन हुंगत बसतो? हे नाव आम्ही त्याला सातव्या वर्षी ठेवलं, कारण शाळेच्या फाटकातून तो घरी काय शिजतंय ते सांगायचा. पलीकडच्या खोलीत लसूण सोलला तरी उद्या माझा चहा बिघडेल म्हणून दार लावून घेणारा हा माणूस. असो. म्हातारपणी माणसं काय काय करतात! मी नाही का नाचाच्या वर्गाला जायला लागले.

जीव लावतेस तो लावत राहा.

तुझी मोठी नणंद

२७ मार्च

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

डाग गेला. तुमचा आचारी मात्र चांगलाच महागात पडला. व्हिनेगरच्या एकाच्या तीन बरण्या झाल्या आहेत. वर जी जाड, घसरडी साय धरते, तिला म्हणे व्हिनेगरची आई म्हणतात. तुमच्या आईंनंतर घरात पुन्हा कुणाची तरी आई येईल आणि तिची मर्जी सांभाळत मला स्वयंपाक करावा लागेल, असं वाटलं नव्हतं. चिलटांचा पेला उत्तम चालतो. व्हिनेगरात मीठ घालून तांब्याची भांडी घासली, ती आरशासारखी झाली. पण मागच्या वाफ्यात मी एक शहाणपणा केला. झाडांनाही पोषण मिळेल म्हणून नेच्याच्या मुळाशी पाऊण बाटली सरळ ओतली. तिसऱ्या दिवशी नेचा असा आडवा झाला, जसा काही आख्खी बाटली प्यायलाय. आता फक्त खताच्या ढिगावर, तीही थोडी आणि भरपूर पाणी घालून.

पण मी पत्र लिहायला बसले ते या कारणासाठी नाही. घरात बरण्यांचा वास मरणाचा आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, मी त्यांना घड्याळजी म्हणते, तीनदा वर येऊन गेले. त्यांनी चक्क कागदावर टिपून आणलं होतं: मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांपासून आठ वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत असह्य. आणि तुमचे भाऊ? बरणीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचतात. एक अक्षर नाही, कपाळाला आठी नाही. परवा माझ्या हातून दूध करपलं, सगळा जळका वास लागला. मी टाकून देणार, तेवढ्यात यांनी पेलाभर घेतलं आणि छान आहे म्हणाले. छान!

वन्सं, हा माणूस एकतीस वर्षं माझ्या फोडणीच्या वासावरून माझा मूड सांगत आला आहे. आता मी काहीही पुढ्यात ठेवलं तरी छानच असतं. भांडत नाहीत, नावं ठेवत नाहीत, दादही देत नाहीत. एखाद्याला आपल्याबद्दल काही वाटेनासं झालं की तो असाच गोड वागतो ना? तीन बरण्या मी कधीच बाहेर ठेवल्या असत्या. पण ओरडतील, निदान ओरडतील, म्हणून मुद्दाम घरात ठेवल्यात. हे तुमच्यापाशीच राहू द्या.

मायेत कमी पडू देऊ नका, सध्या त्याची गरज आहे.

तुमची भावजय

१ एप्रिल

चि. नाकेश्वरास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरात व्हिनेगरचा वास सुटलाय, खालचे गृहस्थ तक्रारी लिहून आणतायत, तू जळकं दूध छान म्हणून पितोस आणि तुझी बायको हिरमुसली आहे. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. काय चाललंय ते सरळ लिही. गुडघ्यांचं सांगू नकोस, परवाच्या फोटोत तू स्टुलावर चढलेला दिसलास.

मार खाण्याएवढा लहान तू मला अजूनही आहेस, हे ध्यानात ठेवून उत्तर दे.

तुझी ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरात वास येतो हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

आता एवढं लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो. गेल्या जूनमध्ये मला पाच दिवस ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. सहाव्या दिवशी कामावर गेलो, पहिली वाटी उचलली, आणि आत काही नव्हतं. गरम आणि तुरट, बस. मला वाटलं, वाटीतच चूक आहे. दुसरी उचलली. त्या दिवशी एकशे साठ वाट्या मी रंगावरून आणि माझ्या मदतनीस बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पास केल्या. असे सहा महिने काढले. एक दिवस बुरशी लागलेला माल मी उत्तम म्हणून काढला. तो बाईंनी गुपचूप बाजूला ठेवला आणि मला काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गुडघ्यांचा अर्ज दिला तो दुसऱ्याच दिवशी.

डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. रोज दोनदा लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी डोळे मिटून हुंगायचं, आठवणीतला वास मनात आणायचा. ते मी गच्चीत लपून करतो. मंडळात गेलो, कारण तिथे चारचौघांत नाक खुपसलं तरी कुणाला वेड लागल्याचा संशय येत नाही. मला तिथे काहीच कळत नाही, ताई. मी चहातले जुने शब्द वापरतो. हिला अंग आहे, ही जरा पोरकी आहे, असं काहीबाही. लोक माना डोलावतात. दंतवैद्य ते वहीत लिहून घेतात. आता त्यांनी मला जुलैच्या वार्षिक संमेलनात परीक्षक नेमलंय!

हिला सांगू नकोस. तिने रांधायचं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नाकाने वाहवा करायची, असा आमचा संसार. ते दार माझ्यासाठी बंद झालंय हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून सगळ्याला छान म्हणतो. तेवढं तरी चुकू नये म्हणून.

तुझ्या धाकापेक्षा तुझी माया जास्त आहे हे माहीत आहे, ती आता दिसू दे.

तुझा धाकटा

१३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र मी इस्त्रीच्या टेबलाशी वाचलं. एका वकिलाच्या कोटाची बाही त्यामुळे करपली. ती मी निस्तरते, तू तुझं निस्तर.

वेड्या, तुझं छान ऐकून तिला वाटतंय की तुला तिचं काही वाटत नाही. तू तिला दुखवू नये म्हणून जे करतोस तेच तिला खुपतंय. शिवाय घरात गॅस आहे, शेगडी आहे. उद्या काही जळलं, गळलं तर तुला कळणार कसं? दुखऱ्या बोटाला माणूस फडकं बांधून दाखवतो, नाकाची कसली लाज? महिन्याच्या आत तिला सांग. नाही सांगितलंस तर अकरा मेला मी दुकान बंद करून येते आणि तिच्यासमोर तुझं नाक धरून सांगते.

आजपासून नाकेश्वर म्हणणार नाही. वाईट वाटत असेल तर पुन्हा म्हणेन.

तुझी ताई

१० मे

वन्सं,

सा. न. वि. वि. आज लिहिणार नाही. कारण पुढे येईल.

काल दुपारी मी रोपवाटिकेत कुंड्या आणायला गेले. जाताना नाशपाती लाल वाईनमध्ये मंद आचेवर ठेवल्या आणि यांना तीनदा बजावलं की वीस मिनिटांनी गॅस बंद करा. बरं म्हणाले. मी परत आले तर जिन्यात धूर. आमचं दार सताड उघडं, आत घड्याळजी, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात माझं पातेलं, म्हणजे पातेल्याचं जे काही उरलं होतं ते. ओट्यामागची भिंत काळी, खिडकीचा पडदा अर्धा गेलेला. मला बघताच म्हणाले, दोन वाजून बावीस मिनिटांनी मला वास आला, दोन सव्वीसला मी दार फोडलं, आणि तुमचे यजमान सापडत नाहीत.

वन्सं, मी तशीच आत धावले. खोल्या बघितल्या, पलंगाखाली बघितलं. शेवटी गच्चीचं दार उघडलं. तिथे तुमचे भाऊ मांडी घालून, डोळे मिटून, लवंगांच्या बाटलीत नाक घालून बसले होते, तोंडाने पुटपुटत होते, लवंग, लवंग, लवंग. पाठीमागे धुराचा लोट. मी किंचाळले तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाले, वीस मिनिटं झाली का?

मग सगळं बाहेर आलं. आधी मी पातेल्यासाठी रडले, मग पडद्यासाठी, आणि मग कळेना कशासाठी. ते म्हणत होते की तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी म्हटलं, मला तर वाटलं होतं की तुम्ही मला विटलात. हे ऐकल्यावर ते इतके चकित झाले की मला त्याही स्थितीत हसू आलं. घड्याळजी मधेच उभे. त्यांना जावं की थांबावं कळेना, म्हणून त्यांनी भिंत पुसायला घेतली.

पण ओघात हे बोलून गेले की ताईला एप्रिलपासून माहीत आहे. वन्सं! मी तुम्हाला मन उघडं करून लिहिते, आणि तुम्ही एप्रिलातल्या उत्तरात मला फक्त शर्टाची कॉलर कशी कडक करावी ते कळवता? अर्धा पडदा सोबतच्या पार्सलात आहे. धूर काढून द्या. राग निवळेपर्यंत एवढंच.

भावजय

१५ मे

चि. सौ. कोठीवालीस,
आशीर्वाद, घेणार असशील तर.

चुकलं. तुला सांगू नकोस म्हणून त्याने विनवलं आणि मी त्याला महिन्याची मुदत दिली. मुदतीला दोन दिवस बाकी असताना तुझं पातेलं गेलं. मला काय माहीत तो शेवटच्या दिवसापर्यंत थांबणार? लहानपणी गृहपाठही असाच करायचा. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. नुसती कॉलर कडक करत बसले, हे तुझं बोलणं मला लागलं, आणि ते लागावं असंच होतं.

पडदा वाचवता आला नाही. त्याच मापाचा नवा शिवून पाठवते आहे, शिवण माझी आहे तेव्हा हसू नकोस. शेगडीजवळ धुराची घंटा बसवून घ्या. आणि त्या घड्याळजींना माझे दंडवत कळव.

रागावलीस तरी माझीच आहेस.

वन्सं

२३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पडदा लावला. एक बाजू वीतभर लांब आहे, पण हिने हात लावू दिला नाही, असाच छान दिसतो म्हणते. त्या छानचा अर्थ मी विचारला नाही.

संमेलन जुलैच्या पहिल्याच आठवड्यात झालं. ही सोबत आली, नव्हे, मला घेऊन गेली. परीक्षकाच्या खुर्चीपुढे बारा पेले मांडलेले. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं की गेल्या वर्षीच्या जूनपासून मला कशाचाच वास येत नाही, जानेवारीपासून मी तुमच्यासमोर जे बोललो ते चहाच्या जुन्या आठवणींवर, आणि मी खुर्ची सोडतो. दंतवैद्य वही उघडून बसले होते, त्यांनी ती हळूच मिटली. मला वाटलं, आता हाकलतात. ते एवढंच म्हणाले की पोरकी हा शब्द त्यांना फार आवडला होता, तो वापरत राहिलो तर चालेल का?

मी मान घालून बसलो होतो, तेवढ्यात कुणी तरी विचारलं की मग इतके महिने घरी नेलेल्या बाटल्यांचं तुम्ही केलं काय? त्यावर ही उठली. ताई, ही पाऊण तास बोलली! मटण, काचा, चिलटं, तांब्याची भांडी, नेच्याचा अंत, खताचा ढीग. लोक लिहून घेत होते. पेल्यांकडे कुणी बघेना. आता वीसही सभासद आपापल्या घरची उरलेली आमच्याकडे पाठवतात. बरण्या सात झाल्या आहेत आणि मागच्या शेडमध्ये हलवल्या आहेत. कोणती कधी भरली याची नोंद घड्याळजी ठेवतात, मिनिटासकट.

आणि मला काम लागलं. आंबट, खारट, गोड, कडू जिभेला नाकाशिवायही कळतं. हे हिच्या लक्षात आलं, माझ्या नाही. रोज सकाळी ती सात चमचे पुढ्यात ठेवते आणि कोणतं तयार, कोणतं कच्चं ते मी सांगतो. परवा एक चमचा मी सवयीने सुर्रकन ओढला. ही स्वयंपाकघरात होती. तिथूनच तिने विचारलं, जमलं का? मी म्हटलं, अजून आठवडा. इतक्या महिन्यांनी मी कशाला तरी छान म्हणालो नाही. ती खूश होऊन बाहेर आली.

नाक नाही आलं. पण सकाळी उठावंसं वाटतं.

तू मला नाकेश्वर म्हणालीस तरी आता चालेल.

तुझा धाकटा

१८ सप्टेंबर

ती. वन्सं,
साष्टांग नमस्कार, तोही सगळा सविस्तर, मे महिन्यातला धरून.

तुम्हाला आधी कळवायचं असं ठरलंय, म्हणून हातातलं काम टाकून लिहिते. काल सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले. हे कपाटाशी चष्मा शोधत होते. मी शेजारून गेले आणि हे एकदम थांबले. मान तशीच वाकडी, हात हवेत. मला वाटलं, कंबरेत उसण भरली. मग हळूच म्हणाले, तू साबण बदललास का?

मी अठरा वर्षं एकच साबण वापरते, वन्सं. तसं सांगितलं मी त्यांना. सांगितलं आणि मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं की त्यांनी काय विचारलं. ते खाली बसले, मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. बाहेर येऊन म्हटलं, अठरा वर्षांत या साबणाबद्दल एक शब्द काढला नाहीत, आणि आता विचारताय!

पाच-दहा मिनिटांत तो वास पुन्हा गेला. डॉक्टर म्हणाले, असाच येईल-जाईल, घाई करू नका. मी कसली घाई करतेय? पण कालपासून आज दुपारपर्यंत काही ना काही निमित्त काढून मी यांच्या जवळून अकरा वेळा गेले आहे, आणि चार वेळा अंघोळ केली आहे. हे म्हणतात, तुला पडसं होईल. होऊ दे.

पत्र इथेच थांबवते, बाराव्यांदा जाऊन बघते.

तुमचीच,
भावजय